देव पाहिला नाही, भक्त पाहिले

माझ्या ताईचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा सतराचा. वडिलांना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमचं गाव नातेपुत्याजवळ, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. मांडव घरापुढच्या अंगणातच घातला होता. मला अक्षता वाटायचं काम मिळालं होतं आणि ते मी इतकं मन लावून करत होते की आई मांडवात नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. दादाच्या लक्षात आलं. शोधत तो आत गेला तेव्हा आई धान्याच्या खोलीत ज्वारीच्या पोत्याला टेकून बसलेली होती. आमच्या एक मानाच्या आत्याबाई होत्या. चातुर्मास कडक पाळायच्या, एकादशी कधी मोडायच्या नाहीत. त्यांनी आईला सांगितलं होतं, "वहिनी, शुभकार्य आहे, तुम्ही जरा आत बसा." कन्यादान काका-काकूंनी केलं. मंगलाष्टकं आईनं भिंतीपलीकडून ऐकली.

त्यानंतर दादाला देवापुढे हात जोडताना मी पाहिलेलं नाही. मी मात्र दर आषाढात सुट्टी काढून गावी जाते. पालखी येते त्या दिवशी आमच्या दारात पाण्याचे हंडे आणि पिठलं-भाकरी असते. ती रीत आजीनं घातली. आदल्या रात्री अडीच-तीनला उठून ती भाकऱ्या थापायला बसायची. दमलेल्या बायांना पाय बुडवायला गरम पाणी द्यायची, वर तेलाची वाटी ठेवायची. कोणाला जात विचारलेली मी कधी ऐकली नाही. येईल ती 'माउली'. देव म्हटलं की मला अजूनही त्या वाटीतलं कोमट तेल आठवतं. दादाला ज्वारीचं पोतं आठवतं.

एका घरात, एका देव्हाऱ्यासमोर वाढलेली आम्ही दोघं. श्रद्धेबद्दलची, आणि त्याहून अधिक श्रद्धाळू माणसांबद्दलची आमची मतं इतकी वेगळी कशी झाली? गेल्या सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला आहे. त्यांना जे सापडलं ते सोप्या शब्दांत सांगावं आणि आपल्या मातीतल्या काही आयुष्यांवर घासून पाहावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मूल आधी माणूस वाचतं

लहान मुलाला तत्त्वज्ञान कळत नाही. ज्ञानेश्वरी कानावर पडते, अर्थ नंतर कधीतरी लागतो. पण ती वाचणारा माणूस घरात कसा वागतो, हे मूल पहिल्या दिवसापासून बघत असतं. जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञानं २००९ साली याबद्दल एक साधी पण खोल गोष्ट मांडली. तोंडानं काहीही सांगायला पैसा लागत नाही. म्हणून ऐकणारा माणूस, नकळत, एक खूण शोधतो: सांगणारा स्वतःच्या म्हणण्यासाठी काही झीज सोसतो आहे का? त्याला उपाशी राहावं लागतं का, उठावं लागतं का, पदरमोड करावी लागते का? अशी झीज दिसली की विश्वास रुजतो. दिसली नाही, किंवा उलटंच वागणं दिसलं, की शब्द कितीही गोड असोत, मुलाच्या मनात ते धरत नाहीत.

आपल्याकडे हे कोणाला नवं वाटणार नाही. 'बोले तैसा चाले' हे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत. हेन्रिकनं त्यात भर घातली ती अशी की, चांगल्या माणसाला मान द्या एवढाच हा नैतिक उपदेश नाही, श्रद्धा एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाण्याची वाटच मुळी ती आहे. आजीचं रात्री उठणं मला दिसलं. आत्याबाईंच्या उपासाची झीज दादालाही दिसली होतीच. पण त्या उपासानं त्यांचं मन विधवा भावजयीसाठी तसूभर सरकलं नाही, हेही त्याच डोळ्यांना दिसलं.

त्यात स्मरणाची एक सवय मिसळते. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७३ साली दाखवून दिलं की, एखादी गोष्ट किती वारंवार घडते याचा अंदाज आपण ती किती चटकन आठवते यावरून बांधतो. मोजत कोणीच बसत नाही. आणि चटकन काय आठवतं? जिथं लाज वाटली, भीती वाटली, जीव भरून आला, ते. दादाच्या लहानपणी घरात शेकडो वेळा हरिपाठ झाला असेल. त्यातली एकही संध्याकाळ त्याला वेगळी आठवत नाही. ती दुपार मात्र अक्षरशः वासासकट आठवते. मनाच्या तराजूत शेकडो संध्याकाळी एका बाजूला आणि एक दुपार दुसऱ्या बाजूला, तरी पारडं दुपारचंच खाली जातं.

याला दोष म्हणावं असं मला वाटत नाही. एकदा विंचू चावलेल्या जागी हात घालताना माणूस दरवेळी बघतो, आणि ते शहाणपणच आहे. गोष्ट एवढीच की, विंचवाच्या आठवणीवरून घरात विंचू किती आहेत याची मोजदाद होत नाही.

रमाबाईंनी पाहिलेल्या खुर्च्या

अनुभव माणसाला श्रद्धेपासून दूर नेतो, श्रद्धेकडेही नेतो, आणि कधी एकाच आयुष्यात दोन्ही करतो. पंडिता रमाबाईंइतकं हे स्पष्ट करून दाखवणारं दुसरं मराठी आयुष्य मला माहीत नाही.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. सारं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगायचं आणि येणाऱ्या दक्षिणेवर जगायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. या लोकांनी हातचं द्रव्य दानधर्मात, ब्राह्मणभोजनात, देवांच्या सेवेत घातलं. उपास केले, अनुष्ठानं केली. शास्त्रात सांगितलेलं त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. शेवटी रानातली पानं आणि फळं खायची वेळ आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर भटकले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले.

श्रद्धा उडाली ती कोणा नास्तिकाच्या युक्तिवादानं नव्हे, हे इथं ध्यानात घ्यावं. ज्यांनी सगळं नेमानं केलं ती माणसं डोळ्यांदेखत भुकेनं गेली. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की, देवाला इतकं आळवूनही उत्तर आलं नाही आणि पूर्वजांच्या धर्मावरचा विश्वास ढासळत गेला.

कलकत्त्यातली एक आठवण त्यांनी सांगितली आहे. भावंडांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. दोघं गेली. तिथं मूर्ती दिसेना. प्रार्थनेची वेळ झाली तशी सगळी माणसं आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसली. या दोघांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! आणि काही ब्राह्मण इंग्रजांबरोबर बसून खातपीत आहेत हे पाहून त्यांना खात्री पटली की, कलियुग पुरतं अवतरलं. संस्कृतचे शेकडो श्लोक मुखोद्गत असलेली, पुढे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवणारी ही बुद्धिमान मुलगी. तरीही दुसऱ्याच्या श्रद्धेकडे तिनं पाहिलं ते आपल्याच अनुभवाच्या खिडकीतून. तिच्या अनुभवात देवापुढे बसायचं म्हणजे मूर्तीपुढे बसायचं. मूर्ती नाही, खुर्ची आहे, म्हणजे खुर्चीच देव. आपण शेजारच्या धर्माबद्दल जे बोलतो त्यातलं किती बोलणं या खुर्च्यांच्या जातीचं असतं, याचा विचार मी ही आठवण वाचल्यापासून करत आले आहे.

पुढे रमाबाई इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मन वळवणाऱ्या ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या, त्यातली एक लंडनच्या फुलम भागातली. तिथं ख्रिस्ती जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, चालवलेलं एक घर होतं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथं आसरा मिळायचा आणि जोगिणी त्यांची सेवा करायच्या. अशा बायकांची रस्त्यावरच्या कुत्र्यासारखी अवस्था करणारा समाज रमाबाईंनी पाहिला होता. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका जोगिणीनं त्यांना बायबलमधली, येशू आणि यहुदी ज्यांना हलकं मानत त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवली. आधी कृती दिसली, मग ग्रंथ उघडला. हाच क्रम उलटा असता, तर ती गोष्ट त्यांच्या मनाला इतकी लागली असती का, याची मला शंका आहे.

पण त्याच रमाबाई चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही मान तुकवायला तयार झाल्या नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतापासून कितीतरी गोष्टींवर त्यांनी वाद घातला. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं झुगारून आले आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या जोगिणीला कळवलं होतं. म्हणजे धर्म बदलला तरी अनुभवानं दिलेली दृष्टी बदलली नाही. सत्ता गाजवणारा धर्माधिकारी कोणत्याही झग्यात आला तरी त्या ओळखायच्या. पुढे ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर केडगावात मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात सापडलेल्या मुलीबायकांना त्यांनी तिथं शेकड्यांनी आसरा दिला. ज्या भुकेनं त्यांची श्रद्धा मोडली होती, तीच भूक त्यांच्या नव्या श्रद्धेचं काम होऊन बसली.

आपल्या माणसाचा गुण, परक्याच्या धर्माचा दोष

आता मनाच्या आणखी एका सवयीकडे येते. ही अधिक त्रासदायक आहे.

समजा, आपल्याच धर्माच्या दुकानदारानं मापात मारलं. आपण काय म्हणतो? "लबाड आहे मेला." किंवा, "धंदा बसलाय, काय करेल बिचारा." दुसऱ्या धर्माच्या दुकानदारानं तेच केलं तर? "ते लोक तसेच." १९७४ साली टेलर आणि जग्गी या दोन संशोधकांनी दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांसमोर असेच प्रसंग ठेवले. प्रसंगातला माणूस कधी हिंदू, कधी मुसलमान. वागणं कधी चांगलं, कधी वाईट. कारकुनांनी हिंदूच्या चांगल्या वागण्याचं श्रेय त्याच्या स्वभावाला दिलं आणि वाईट वागण्याचा दोष परिस्थितीला. मुसलमानाच्या बाबतीत याच्या नेमकं उलट झालं. पुढे १९७९ मध्ये थॉमस पेटिग्रू यांनी या सवयीचा सविस्तर विचार मांडला. ती जगभर आढळते, कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही.

या सवयीमुळे एक विचित्र गोष्ट होते. परक्या धर्माच्या माणसाचा चांगला अनुभव आला तरी तो खात्यावर जमाच होत नाही. "तो वेगळा आहे हो, तो आपल्यातलाच वाटतो," असं म्हणून आपण त्याला त्याच्या धर्मातून बाजूला काढतो आणि धर्माबद्दलचं मत जसंच्या तसं ठेवतो. वाईट अनुभव मात्र थेट धर्माच्या नावावर नावे पडतो. श्रद्धाळू आणि नास्तिक यांच्यातही हेच चालतं. सश्रद्ध माणसाला एखादा सज्जन नास्तिक भेटला तर तो म्हणतो, "याच्या मनात खोलवर देव आहेच." नास्तिकाला सज्जन भक्त भेटला तर, "हा मुळातच चांगला, देवाचा काय संबंध?" दोघांनीही समोरच्या माणसाचं स्वतःबद्दलचं म्हणणं ऐकून घेतलेलं नसतं.

मग एकमेकांत मिसळलं की गैरसमज जातात का? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये याचं उत्तर फार विचारपूर्वक दिलं. जातात, पण चार गोष्टी जुळल्या तर: दोघांचा दर्जा त्या जागी बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि त्या मिसळण्याला वडीलधाऱ्यांचा, कायद्याचा, रीतीचा पाठिंबा हवा. २००६ साली पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले. संपर्कानं पूर्वग्रह कमी होतो, आणि या अटी जुळल्या तर अधिक कमी होतो, असं त्यांना दिसलं.

पहिली अट मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण आपला सगळा गावगाडा तिच्याशिवाय चालला. गावकुसाबाहेरची माणसं शतकानुशतकं रोज गावात येत होती, राबत होती. ओळख होती, नावं ठाऊक होती, एकमेकांची सुखदुःखं ठाऊक होती. संपर्क कमी नव्हता. बरोबरी नव्हती. म्हणून रोजच्या ओळखीनंही विटाळ गेला नाही. इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या तेव्हा त्यांनाही हे टोचलं. वाट एक, अभंग एक, विठ्ठल एक, आणि जेवणाची वेळ आली की ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे. बाकीच्या तीन अटी पुऱ्या झाल्या तरी ताटापाशी बरोबरीची अट अडते, असं ते चित्र आहे.

बरोबरीनं राहण्याचा परिणाम कसा हळूहळू होतो, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रात वाचावं. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं लगेच सुटलं नाही. एका छपराखाली राहताना, रोजच्या चहापाण्यातून, आजारपणांतून, भांडणांतून आणि हसण्यातून ते सुटत गेलं. वादात हरून त्यांनी मत बदललेलं नाही. म्हणूनच त्यांचं बदलणं वाचताना खरं वाटतं.

एकाला आलेला अनुभव, की सगळ्यांना येणारा?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे अनुभवावरून बनलेलं मत म्हणजे मनाचा खेळ; ते सोडून द्यावं. या म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे. ज्याला सोसावं लागलं त्याला "हा तुझा वैयक्तिक अनुभव आहे, त्यावरून धर्माला नावं ठेवू नकोस" असं ऐकवणं आपल्याकडे फार सहज चालतं. काही वेळा ते म्हणणं बरोबर असतं. बऱ्याच वेळा तो अन्याय असतो. फरक कसा ओळखायचा, हे मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातून कळलं.

१९०१ ची गोष्ट. दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणीच नाही. अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. महार आहोत म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही अशा बोलीवर की, गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. जवळ डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

सोळा वर्षांनी हाच मुलगा अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले. त्यांनी बाहेर काढलं. मग एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळी कारणं सांगून ठेवून घेणं टाळलं. एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी तो दिवस काढला.

हे लिहिताना बाबासाहेबांनी गाडीवानाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली: माणसं वेगळी, गावं वेगळी, धर्मही वेगळे, आणि वागणूक एकच. हिंदूंना जो अस्पृश्य तो पारशाला अस्पृश्य, मुसलमानालाही अस्पृश्य. आपल्याबरोबर त्यांनी इतरांचेही प्रसंग मांडले. अनुभवाची कसोटी ती हीच. 'माझ्या जागी माझ्यासारखा दुसरा कोणी असता तर त्याच्याशी हेच घडलं असतं का?' उत्तर 'नाही' असेल, तर तो त्या एका माणसाचा दोष, त्यावरून धर्माचं माप काढू नये. उत्तर 'हो' असेल, आणि ते करणाऱ्यांना आपण धर्मच पाळतो आहोत असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तो नियम आहे. मग धर्माला जाब विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. मध्ये एकवीस वर्षं आहेत. त्या वर्षांत त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, शीख धर्माचा गांभीर्यानं विचार केला, वाचलं, ताडून पाहिलं. अनुभवानं प्रश्न दिला, उत्तर मात्र त्यांनी अनुभवावर सोपवलं नाही. आणि त्या उत्तराचं बीही एका अनुभवातच सापडतं: १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. पोरगा बागेत बसून वाचतो म्हणून ज्यांनी त्याला जवळ केलं, ते केळुसकर.

भक्त आणि धर्मव्यवस्था यांच्यात त्यांनी केलेला फरकही पाहावा. अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी १९४८ मध्ये नंदनार, रोहिदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केला. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली. हातात झाडू घेतलेला कीर्तनकार आणि धर्मांतराची घोषणा केलेला विद्वान यांच्यात असा जिव्हाळा होता. ज्यांना सगळे श्रद्धाळू एकाच रंगाचे दिसतात त्यांनी याचा विचार करावा. ऑलपोर्ट यांनीही १९६७ मध्ये आपल्या सहकाऱ्याबरोबर हेच टिपलं होतं: धर्म प्रतिष्ठेसाठी, आधारासाठी वापरणारे वेगळे आणि धर्म आतून जगणारे वेगळे. पूर्वग्रह पहिल्या गटात जास्त आढळले.

ही कसोटी मी माझ्या घराला लावली. आत्याबाई एकट्या वाईट होत्या का? तसं असतं तर त्यांच्या एका वाक्यावर भरल्या मांडवातून आई उठली नसती, आणि कन्यादानाला काका-काकूंना कोणी सांगायच्या आधीच तयार ठेवलं नसतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो इतर गावांपुढे ठेवला. ठराव करावा लागतो तो रीतीविरुद्ध. एकट्यादुकट्याच्या आगाऊपणासाठी ग्रामसभा बसत नाही. दादानं पाहिलं तो नियम होता. इतकी वर्षं मी त्याला "एका बाईच्या वागण्यावरून देव सोडलास" म्हणत आले, ते माझं चुकलं होतं.

मग आजीचं काय? तिलाही तीच कसोटी लावायला हवी, नाहीतर मी स्वतःशी खोटं बोलेन. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनंही वारकऱ्यांचे पाय गरम पाण्यात बुडवले असते का? आळंदी ते पंढरपूर या वाटेवरच्या कोणत्याही गावात जाऊन पाहावं. दारोदारी हंडे असतात. तोही नियमच. एका परंपरेनं माझ्या आईला आत बसवलं, त्याच परंपरेनं अनोळखी बायकांच्या पायांना तेल लावलं. यातला एक खरा धर्म आणि दुसरा खोटा, असं म्हणून सुटका करून घेणं सोपं आहे, मलाही कित्येक वर्षं सोपं वाटलं. पण करणाऱ्या दोघीही त्याला धर्मच म्हणत होत्या.

गेल्या आषाढात दादा कितीतरी वर्षांनी पालखीच्या दिवशी घरी होता. मी हंडे भरत होते, तो ओसरीवर बसला होता. मी त्याला विचारलं, त्या दिवशी आत आईजवळ आणखी कोणी होतं का. हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारला. तो म्हणाला, आजी होती. तीही विधवाच, तिलाही मांडवात जागा नव्हती. आईचा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता.

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"धरला होता," दादा म्हणाला. "पण उठवून बाहेर नाही आणलं."

रस्त्यावर टाळ ऐकू यायला लागले होते. त्यानं उठून एक हंडा उचलला आणि फाटकापाशी नेऊन ठेवला.